जुनी मोटारसायकल विकताना : ओळख आपल्या जागी, कागद आपल्या जागी

आमच्या समाजात जुनी मोटारसायकल विकायला दलालाकडे क्वचितच जाते. ती ओळखीतच विकली जाते. जुम्म्याच्या नमाजनंतर चार माणसे मशिदीबाहेर बोलत उभी असतात, एकजण म्हणतो, ‘गाडी काढायची आहे’, दुसरा म्हणतो, ‘माझ्या साडूला हवीच होती’, आणि असरच्या आत सौदा होऊन गाडी दुसऱ्या मोहल्ल्यात गेलेली असते. या रीतीत वाईट काही नाही. दलाली वाचते, विकणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात आणि घेणाऱ्याला गाडी कोणाच्या हातची आहे हे माहीत असते. तरीही मोटारसायकलच्या व्यवहारावरून झालेले अबोले, तुटलेले नातेसंबंध आणि कोर्टकचेऱ्या आम्ही पाहतो, त्या बहुतेक या ओळखीच्याच सौद्यांतल्या असतात. म्हणून या विषयावर आमचे मत स्पष्टपणे मांडावे असे आम्हास वाटते.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांसाठी मोटारसायकल ही चैनीची वस्तू नाही. मालेगाव-भिवंडीत कापडाचे नमुने घेऊन फिरणारा, पहाटे बेकरीचा पाव दुकानोदुकानी पोचविणारा, गावोगावी बांगड्यांची फेरी करणारा, वायरमन, प्लंबर, फर्निचरचा कारागीर, या सर्वांचे ते अवजार आहे. सुताराच्या रंध्याइतकेच. जो ती सेकंडहॅण्ड घेतो तो बहुधा आपल्यापेक्षा एक पायरी खालच्या कमाईचा असतो आणि वर्षभराची बचत त्यात घालतो. हे लक्षात ठेवले तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप समजतात.

पहिला आणि आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर मुद्दा कागदांचा. आपल्याकडे सौदा कसा होतो? पैसे मोजून घेतले जातात, आर.सी. आणि किल्ल्या दिल्या जातात आणि कोऱ्या टीटीओ फॉर्मवर दोन-तीन सह्या करून दिल्या जातात. ‘नाव मी सावकाश चढवून घेतो’, असे घेणारा म्हणतो. विकणाराही मान डोलावतो, कारण ‘आपलाच माणूस आहे’. तो आपला माणूस दीड वर्षाने गाडी तिसऱ्याला विकतो, तेच कोरे फॉर्म पुढे सरकवतो. तिसरा चौथ्याला. गाडी आज कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते, मात्र सरकारी दफ्तरात मालक म्हणून नाव पहिल्याचेच असते.

मोटार वाहन कायदा १९८८ याचे कलम ५० याबाबत अगदी साधे आहे. राज्याच्या आतच विक्री झाली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. विकणाऱ्याने कळविण्याचा तो फॉर्म २९, घेणाऱ्याने नावांतरासाठी करावयाचा अर्ज तो फॉर्म ३०. आता गंमत पाहा. फॉर्म २९ हा विकणाऱ्याच्या संरक्षणासाठी आहे. ‘मी ही गाडी अमक्या तारखेला अमक्याला दिली’, असे सरकारला सांगणारा कागद तो. आणि आपण काय करतो? त्यावर सही करून तोच कागद घेणाऱ्याच्या खिशात घालतो! आपली ढाल दुसऱ्याच्या घरी ठेवण्याचा हा प्रकार आहे.

कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावावर नोंद आहे तोच मालक. गाडी कागदावर न चढता अनेक हातांतून पुढे गेली, अपघात झाला, आणि तरी भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावरच राहते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेला आहे. गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई कंपनी देते. पण जुनी गाडी घेणारे कितीजण विमा वेळेवर भरतात, हे आम्ही सांगण्याची गरज नाही. विमा संपलेला, चालवणारा अनोळखी, मेलेला माणूस घरातला एकटा कमावता, आणि नोटीस येते ती तीन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळ्या झालेल्या शिलाई मास्तरला. रक्कम लाखांच्या घरात असते. ती गाडी विकून त्याला पंचवीस हजार आलेले असतात.

अपघात तर अपघात. ती गाडी कोणी साखळीचोरीत वापरली, कोणी गैर मालाच्या वाहतुकीत वापरली, तर पोलीस प्रथम कोणाच्या दारात येतात? नंबरावरून ज्याचे नाव निघते त्याच्या. नंतर चौकशीत खरे ते बाहेर येईलही, पण दारात जीप उभी राहिल्याची किंमत काय असते हे आमच्या मोहल्ल्यांना कोणी वेगळे समजावून द्यायला नको. एवढे सगळे वाचविण्यासाठी लागते काय, तर आर.टी.ओ.ची एक फेरी.

म्हणून आमचे म्हणणे असे : ओळखीच्या माणसाला गाडी विकताना तर कागद अधिकच पक्के करावेत. परक्याशी भांडण झाले तर एक गिऱ्हाईक जाते. भाच्याशी झाले तर बहिणीचे घर बंद होते. ‘माझ्यावर भरोसा नाही का?’ हा प्रश्न जो विचारतो त्याला सांगावे की भरोसा आहे म्हणूनच गाडी देतो आहे, आणि दोघांचे नाव खराब होऊ नये म्हणून कागद करतो आहे. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत ही देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे आणि खरेदी-विक्रीच्या वेळी साक्षीदार ठेवण्यास तिच्यात सांगितलेले आहे. ती सूरह बकराची २८२ वी आयत. ती आयत आपापसातल्या लोकांसाठीच उतरली होती, परक्यांसाठी नव्हे.

प्रत्यक्षात काय करावे? गाडी दाखविण्यापूर्वीच आपले दफ्तर नीट करावे. आर.सी., चालू विमा, पी.यू.सी., दोन्ही किल्ल्या एका पाकिटात ठेवाव्यात. ई-चलन बाकी आहे का ते पाहून भरून टाकावे. दंड तुमच्या हातून झालेला आणि भरायचा दुसऱ्याने, हे शोभत नाही, शिवाय त्यावाचून नावांतर अडते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली आहे, ती नसेल तर आधी बसवून घ्यावी. आणखी एक लहान पण अडवणारी बाब. अर्ज आता परिवहनच्या संकेतस्थळावरून भरले जातात आणि ओटीपी जातो नोंदलेल्या मोबाइल नंबरवर. आठ-दहा वर्षांपूर्वी शोरूमवाल्याने कोणता नंबर टाकला होता हे पुष्कळांना आठवतही नाही. तो नंबर आधी बदलून घ्यावा. गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर नोंदणीची मुदत केव्हा संपते ते घेणाऱ्याला आपण होऊन सांगावे, कारण पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर यांचा खर्च त्याच्या डोक्यावर येणार आहे.

सौदा होताच विक्रीची पावती दोन प्रतींत करावी. त्यात दोघांची नावे-पत्ते, गाडीचा, चासीचा आणि इंजिनाचा नंबर, रक्कम, मीटरवरचे किलोमीटर, आणि तारखेबरोबर वेळही लिहावी. वेळ कशाला, असे कोणी विचारेल. दुपारी चारला गाडी दिली आणि सहाला सिग्नल तोडला तर चलन कोणाचे हे त्या एका ओळीवर ठरते. दोन साक्षीदारांच्या सह्या, घेणाऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स. आपण आपली झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहावे, ‘फक्त अमुक नंबरच्या गाडीच्या नावांतरासाठी’, आणि तारीख टाकावी. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. घेणाऱ्याचे नाव आणि तारीख भरल्याखेरीज पेन टेकवू नये.

शक्य असेल तर दोघांनी मिळून आर.टी.ओ.त जावे आणि नावांतराचा खर्च गाडीच्या किमतीत धरावा. किंबहुना आमची सूचना अशी की ही फी विकणाऱ्यानेच आपल्या खिशातून भरावी आणि भाव तेवढा वर सांगावा. घेणाऱ्यावर सोडले की तो पैसे वाचविण्यासाठी टाळतो. आपण भरले की काम आपल्या हातून होते. गाडी जुन्या गाड्यांच्या डीलरला देत असाल तर तेथेही डोळे मिटून फॉर्म देऊ नयेत. २०२३ पासून अशा डीलरांसाठी अधिकारपत्राची पद्धत आली आहे आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचे कळविण्यासाठी फॉर्म २९ सी आहे. डीलरकडे अधिकारपत्र आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

कर्जावरच्या गाडीबद्दल तर आम्हाला कडक शब्दांत बोलावे लागेल. ‘गाडी घे, राहिलेले हप्ते तू भर’, हा सौदा आपल्या तरुणांत फार बोकाळला आहे. कर्ज विकणाऱ्याच्या नावावर, गाडी तिसऱ्याच्या ताब्यात, आणि गहाणाची नोंद वित्तसंस्थेची. चार हप्ते थकले की वसुलीची माणसे विकणाऱ्याच्या दुकानात येतात, त्याची पत बिघडते आणि उद्या दुकानासाठी किंवा यंत्रासाठी खरोखरच भांडवल लागले तर दार बंद झालेले असते. गाडी ज्याच्याकडे आहे त्याला काही सोयरसुतक नसते. जी वस्तू अजून गहाण आहे ती मोकळी असल्याप्रमाणे विकण्याचा अधिकार आपल्याला नाही, मग कोणी काही म्हणो. घेणाऱ्याचे पैसे सरळ कर्जखात्यात भरावेत, संस्थेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घ्यावा, आर.सी.वरचा बोजा उतरवावा, आणि मगच गाडी द्यावी. दहा-पंधरा दिवस लागतात. लागू द्यावेत.

आता गाडीच्या खोटीविषयी. आपल्याकडे एक वाक्य फार प्रतिष्ठित झाले आहे : ‘गाडी समोर आहे, बघून घ्या, मागून तक्रार नको.’ विकणाऱ्याला वाटते की एवढे बोलले की तो सुटला. आम्हास हे मान्य नाही. धान्याच्या राशीत हात घातल्यावर आतला माल ओला निघाला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या व्यापाऱ्याला ओला भाग वर का ठेवला नाहीस म्हणून विचारले, ही हदीस आपल्या प्रत्येक दुकानदाराने लहानपणापासून ऐकलेली आहे. राशीला हात घालून पाहण्याची गिऱ्हाइकाला मोकळीक होतीच की! तरीही दोष लपविणाऱ्याचाच ठरला. मोटारसायकलच्या राशीतला ओला भाग म्हणजे वाकून सरळ केलेला फोर्क, इंजिन ऑइल पिणारे पिस्टन, दुसऱ्या गिअरला सुटणारी गाडी, आणि दोन वर्षांपूर्वी ट्रकखाली सापडून वेल्डिंग केलेली चासी.

कोणती खोट सांगायची आणि कोणती नाही, असा सवाल आम्हाला केला जातो. टायर गुळगुळीत झाला आहे, सीट फाटले आहे, टाकीवर पोचा आहे, हे समोरच्याला दिसते; त्याचे व्याख्यान देण्याची गरज नाही. जे दिसत नाही आणि तुम्हाला माहीत आहे ते सांगायलाच हवे, न विचारता. उघडलेले इंजिन, झालेला अपघात, बदललेला मीटर. मीटर मागे फिरविणे तर सरळ चोरी आहे. तसेच घरघर दबावी आणि धूर दिसू नये म्हणून विक्रीच्या आदल्या दिवशी जाड ऑइल ओतणे. ज्या मेकॅनिकने हे काम करून दिले तो दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला सांगतो, हाही एक विचार करावा.

याचा अर्थ गाडी धुळीने माखलेली दाखवावी असा नाही. धुऊन, साखळीला तेल देऊन, हवा भरून, बल्ब-हॉर्न चालू करून ठेवावी. दोन-चारशे रुपयांत होणारे काम आहे आणि त्याने भावात फरक पडतो. मात्र विकण्यासाठी म्हणून रंगकाम काढू नये. नवा रंग पाहिला की शहाणे गिऱ्हाईक अपघाताचाच संशय घेते आणि तुम्ही घातलेले पैसे भाव पाडायला उपयोगी पडतात. दुसरे, गिऱ्हाईक येण्यापूर्वी गाडी सुरू करून ठेवू नये. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या किकला उचलते का हेच त्याला पाहायचे असते. कार्बोरेटरची गाडी असेल तर हिवाळ्यात चोक लागणारच, तसे सांगून टाकावे. कोणत्या मेकॅनिककडे गाडी जाते त्याचे नाव सांगावे, बिले असतील ती दाखवावीत. बिलांची एक जुनाट फाइल कोणत्याही भाषणापेक्षा जास्त गिऱ्हाईक आणते.

भावाची गोष्ट. सांगायचा भाव आणि सोडायचा भाव हे दोन आकडे आधी घरी बसून ठरवावेत. त्यासाठी आपल्याच गावातल्या, त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या तीन-चार गाड्या कशा गेल्या हे विचारावे. शोरूमवाला बदल्यात जे देतो तो तळ, डीलर ज्या भावाने विकतो तो माथा. खासगी सौदा या दोहोंमध्ये बसतो. दोन आकड्यांत अंतर फार ठेवू नये. पस्तीसला सोडायची गाडी पन्नास सांगणारा स्वतःचाच वेळ घालवतो, आणि समोरचा गरजू पण भिडस्त असेल तर तो पंचेचाळीसला घेऊन जातो आणि महिन्याने त्याला खरा भाव कळतो. त्या दिवसापासून तुमचा सलामही तो कोरडा घेतो. अडतीस सांगावे, पस्तीसला द्यावी. वेळेचेही थोडे तंत्र आहे. गुढीपाडवा आणि दसरा-दिवाळीला लोक नव्या गाड्या काढतात, त्यानंतर बाजारात जुन्या गाड्यांची रीघ लागते. त्याच्या आधी विकावी. डिसेंबरपर्यंत थांबाल तर जानेवारीत तीच गाडी कागदावर एका वर्षाने म्हातारी होते.

घासाघीस चालली असताना मित्राने मध्येच येऊन ‘मी दोन हजार जास्त देतो’ म्हणणे, ही युक्ती कोणाला फार हुशारीची वाटते. हदीसमध्ये तिला नाव आहे, नजश, आणि ती निषिद्ध आहे. तसेच बोली पक्की होऊन विसार घेतल्यावर दुसरा जास्त देतो म्हणून फिरणे. आणि शपथा! ‘कसम से, घरात पडते तेवढ्यातच देतो आहे’, हे वाक्य जितक्या सहज आपल्या तोंडून निघते तितक्या सहज ते बाजूला ठेवायला हवे. विसार घेतलात तर पावतीवर मुदत लिहावी, चार दिवस किंवा आठवडा, आणि मुदत टळली तर पैशांचे काय होणार तेही. विसार जप्त करण्याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. आमच्या मते गरीब माणसाचा विसार परत करणेच बरे, पण सुरुवातीला बोलून घेतले तर कोणाचीच मने दुखत नाहीत.

घेणाऱ्यांनाही दोन शब्द सांगायला हवेत. गाडी बघायला पाच मित्रांची फौज नेऊन प्रत्येकाने एकेक खोट काढायची आणि शेवटी निम्मा भाव सांगायचा, हा अदब नव्हे. भाव ठरल्यावर पैसे मोजताना ‘पाचशे कमी पडतात’ म्हणणे हे तर हात घातल्यासारखेच आहे. मेकॅनिक जरूर न्यावा, त्याची मजुरी आपण द्यावी.

चालवून पाहण्याच्या वेळी विकणाऱ्याने आधी लायसन्स पाहावे. विनालायसन्स माणसाच्या हातात गाडी दिली तर दंड मालकालाही होतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने चालविली तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. ‘आमचा पोरगा चालवून बघेल’, असे म्हटले तर पोराचे वय विचारावे. अनोळखी गिऱ्हाईक असेल तर त्याची स्वतःची गाडी आणि किल्ली आपल्याकडे राहू द्यावी, किंवा आपण मागे बसावे. यात कोणाचा अपमान नाही. गिऱ्हाइकाला घरी बोलावण्यापेक्षा दुकानावर किंवा ओळखीच्या गॅरेजवर बोलवावे. घरातल्या बायकांना अनोळखी फोनांची उत्तरे द्यायला लावू नये.

पैशांबाबत ध्यानात ठेवावे की मोबाइलवरचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. ‘पाठवले, हे पाहा’, म्हणून दाखविलेले चित्र बनावट असू शकते. आपल्या खात्यात रक्कम दिसल्याशिवाय किल्ली देऊ नये. गाडी न पाहताच पूर्ण भाव मान्य करणारा, स्वतःला लष्करातला म्हणविणारा, आणि पैसे देण्यासाठी तुम्हालाच क्यू.आर. कोड स्कॅन करायला सांगणारा माणूस ठग समजावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. रोख असेल तर साक्षीदारांसमोर मोजावी, मोठी असेल तर बँकेतच भेटावे.

हप्त्याने द्यायची असेल, आणि कारागिराला ती सवलत देणे हे चांगले काम आहे, तर एकूण किंमत प्रथमच ठरवून लिहावी. उशीर झाला म्हणून पुढे रक्कम वाढवीत नेली तर ते व्याजच झाले. नावांतर मात्र पहिल्या दिवशीच करावे. ‘पैसे फिटेपर्यंत नाव माझेच राहू दे’, ही सुरक्षितता वाटते, पण वर सांगितलेली सारी संकटे तिच्यातूनच येतात. जामीन म्हणून एखादा प्रतिष्ठित माणूस घ्यावा, हे त्याहून बरे.

विम्याचेही सांगितले पाहिजे. कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे विक्रीबरोबर विमा घेणाऱ्याकडे गेला असे धरले जाते, पण त्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यायचे असते. ‘नो क्लेम’ची सवलत मात्र गाडीची नसून माणसाची असते. तिचे पत्र विकणाऱ्याने मागून घ्यावे, पुढच्या गाडीला कामी येते. अनेक लोक ते सोडून देतात.

गाडी दिल्यानंतर दोन दिवसांत घेणारा परत आला आणि म्हणाला की मन बदलले, तर? कायदा तुम्हाला बांधत नाही. परंतु झालेला सौदा खुशीने मोडून देणे, ज्याला इकाला म्हणतात, त्याचे फार मोठे पुण्य सांगितलेले आहे. गाडी जशीच्या तशी असेल, कागद अजून आर.टी.ओ.त गेले नसतील, तर पैसे परत करावेत आणि दिलेल्या पावतीच्या दोन्ही प्रती फाडून टाकाव्यात. कागद गेले असतील तर त्याला तसे समजावून सांगावे आणि पुढचे गिऱ्हाईक शोधायला मदत करावी.

महिनाभराने परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून पाहावे. नाव बदललेले नसेल तर घेणाऱ्याला एक फोन करावा, दुसरा करावा, आणि तिसऱ्या खेपेस पावतीची प्रत जोडून आर.टी.ओ.ला लेखी अर्ज द्यावा व त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. स्वतः फॉर्म २९ दिला असेल तर ही वेळ सहसा येत नाही. पावती आणि पोच मात्र नाव बदलल्यावरही फेकू नये, दुकानाच्या जुन्या वह्यांत राहू द्यावी.